माट साबांचं खत

आमच्या सरांना हिंदी कधी आली नाही. तीस वर्षं उज्जैनला काढली, पण भाजीवाल्याशी बोलायला लागले की शेजारी उभं राहणाऱ्याला घाम फुटायचा. "भिंडी ताजा है का, की कल का है?" असं विचारायचे. भाजीवाला हसायचा आणि चार भेंड्या जास्तीच्या टाकायचा. "बघ," सर मला म्हणायचे, "भाषेनं काही अडत नाही." मी इथेच जन्मलेली, माझी मराठी अर्धी हिंदी. मी चुकून "सब्जी" म्हटलं तर हेच गृहस्थ भर बाजारात सायकल थांबवून माझ्याकडून "भाजी" म्हणवून घ्यायचे. तरी भाषेनं काही अडत नाही हे त्यांचं म्हणणं मी बरीच वर्षं खरं मानलं.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. त्यातून शेजार. माधव नगरात त्यांचं घर आमच्यापासून तिसरं. त्यांच्याकडे फोन नव्हता आणि ते घेणारही नव्हते. त्यांनी स्वतःच्या कार्डावर आमचा नंबर छापला, पुढे 'पीपी', म्हणजे शेजारचा फोन, असं लिहिलं, आणि कार्डं छापून आल्यावर आम्हाला सांगितलं. मी चिडले, पण माझे वडील "असू दे, मोठा माणूस आहे" म्हणाले आणि विषय संपला. तेव्हापासून सरांचे निरोप पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

निरोप असायचे तरी कशाचे? दगडांचे. झाबुआच्या बाजूला फॉस्फेटच्या दगडाची खाण आहे. चांगला दगड कारखान्यात जातो आणि हलका माल, चुरा, भुकटी यांचे ढीग बाहेर पडून राहतात. एकदा मुलांची सहल घेऊन सर तिकडे गेले. मुलं डबे सोडून बसली आणि सर त्या ढिगावर बसले. एक खडा उचलून त्यांनी चाटला. मग म्हणाले, "हे लोक जेवण फेकून देतायत." त्यानंतर प्रत्येक सुट्टीत ते बसनं जायचे आणि टपावर दोन-तीन पोती टाकून आणायचे. कंडक्टर विचारायचा, पोत्यात काय आहे. सर म्हणायचे, "पत्थर." कशाला नेताय? "खेत में डालने को." माळव्यातला शेतकरी जन्मभर शेतातले दगड वेचून बाहेर टाकतो. अख्खी बस हसायची.

घरामागे त्यांनी तीन खड्डे खणले होते. त्यात शेण, पालापाचोळा आणि त्या दगडाची भुकटी यांचे थर, आणि वरून आंबट ताक. ताक कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "किड्यांना भूक लागायला." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कपाळाला हात लावायच्या. "या घरात कढी फक्त खड्ड्याला मिळते," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. आणि ते खरंही होतं.

मला त्यांनी एकदा समजावलं होतं, ते अजून तसंच लक्षात आहे. आपल्या काळ्या मातीत हा दगड नुसता टाकला तर वर्षानुवर्षं दगडच राहतो. पण शेण कुजताना जे आम्ल तयार होतं ते दगडाला आतून खायला लागतं. असं कुजवलेलं खत एकदा जमिनीत गेलं की पहिल्या वर्षी विशेष काही दिसत नाही, दुसऱ्या वर्षी थोडं, आणि मग ते पुढची कितीतरी वर्षं पिकाला देत राहतं. "दुकानातलं खत सगळं जेवण एकदम ताटात ओततं," सर म्हणाले. "आपलं खत पंगतीत वाढतं. हळूहळू. घाई कुणाला आहे?"

'घाई कुणाला आहे' हे त्यांचं पालुपद. बस चुकली, पगार लांबला, काकूंनी तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली, तरी हेच. पण त्या वर्षांत खरं म्हणजे सगळ्यांनाच घाई होती. घराघरात केबल येत होती, फ्रीगंजमधल्या दुकानांच्या पाट्या दर महिन्याला बदलत होत्या, आणि खताच्या दुकानात रोज नव्या रंगाचं पोतं दिसायचं. इंदूरहून एका नव्या कंपनीचा माणूस टाय लावून सरांकडे आला. माल चांगला वाटतो म्हणाला, आपण मोठ्या प्रमाणावर करू म्हणाला, फक्त फरक पहिल्याच हंगामात दिसला पाहिजे. सरांनी त्याला चहा दिला, खड्डे दाखवले आणि म्हणाले, "आप फटाका बेचो. वो एकदम दिखता है." काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला विचाराल तर काकूंचं बरोबर होतं. पण तो माणूस गेल्यावर मागे जाऊन सरांनी खड्ड्यावरची गोणपाटं नीट केली, तेव्हा दुसरं टोक मीच धरलं.

त्यांना घाईत मी फक्त एका कामापायी पाहिलं. मातीत पिकाला मिळेल असं फॉस्फरस किती, ते बघायची एक परीक्षा असते. मातीचा अर्क काढायचा, औषधं घालायची, की नळीत निळा रंग चढतो. जितका गडद निळा, तितकं फॉस्फरस जास्त. हा रंग मोजायचं यंत्र कॉलेजात होतं, पण बंद पडलेलं, आणि दुरुस्तीची फाइल कुठल्याशा टेबलावर झोपलेली. रंग तर दहा-पंधरा मिनिटांत उतरायला लागतो. एका दुपारी सरांनी ती निळी नळी बूच लावून शर्टाच्या खिशात उभी ठेवली, मला मागे बसवलं आणि सायकल जी हाणली ती थेट टावर चौकात, ब्लाउजपीसच्या मॅचिंग सेंटरपुढे. आत बायकांची गर्दी. सरांनी नळी काउंटरवर धरली आणि म्हणाले, "इसका मॅचिंग दिखाओ. जल्दी." मला धरणी दुभंगावी असं झालं. पण दुकानदार भला होता. त्यानं निळ्याची सगळी थप्पी काढली, उजेडात नेली, आणि फिक्यापासून गडदपर्यंत सात तुकडे कापून दिले. ते सात तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून सरांनी आकडे घातले. पुढची सगळी वर्षं आमचं यंत्र तेच.

त्यांचा आणखी एक नियम सांगितला पाहिजे. प्रयोगाच्या वहीत खाडाखोड त्यांना खपत नसे. खोडरबर दिसलं तर खिडकीतून बाहेर. "चुकलं तर शब्दावर एकच सरळ रेघ मारायची. खालचा शब्द वाचता आला पाहिजे. आणि बाजूला तारीख घालून सही करायची. चूक कुणाची ते दिसायला हवं." पहिल्या वर्षाच्या मुलांना हे ते इतक्या वेळा सांगायचे की मुलं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची. मीही केली आहे.

तर त्या बसमध्ये दगडांना न हसणारा एकच माणूस भेटला, भेरूलालजी. बडनगरच्या अलीकडे त्यांचं गाव. त्या खेपेला मी सोबत होते. त्यांनी टपावर पोती चढवायला हात दिला, शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माट साब, म्हणजे मास्तरसाहेब, शेताचा किती तुकडा लागेल? सरांना इतका आनंद झाला की होती नव्हती ती हिंदीही गेली. म्हणाले, "थोडा ही लगेगा. मेरा खत आपके जमीन में डालेगा, फिर चार साल कुछ नहीं करने का."

भेरूलालजी म्हणाले, "माट साब, खत तो डाक में डाले हे, जमीन में नी."

बस पुन्हा हसली. सर माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, सर, इकडे खत म्हणजे पत्र. आपल्या खताला हे लोक खाद म्हणतात. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग त्यांचं चुकतंय." हेही मला हिंदीत सांगावं लागलं. भेरूलालजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवसापासून त्या गावात सरांच्या खताला कुणी खाद म्हटलं नाही. बाकी सगळ्यांची खाद, आणि ते 'माट साब का खत'.

भेरूलालजींच्या विहिरीकडच्या शेतात दोन पट्ट्या आखल्या. एका पट्टीत सरांचं खत, एकदाच. शेजारच्या पट्टीत दरवर्षी दुकानातलं डीएपी. दोन्हींत सोयाबीन. माल वेगळा काढायचा, एकाच पत्र्याच्या पीप्यानं मोजायचा आणि पीप्याच्या तोंडावरून लाकूड फिरवून सपाट करायचा, हे सरांनी त्यांना करून दाखवलं. पहिल्या वर्षी डीएपीची पट्टी कमरेएवढी, हिरवीगार आणि सरांची पिवळट. गावातली माणसं मुद्दाम बघायला यायची. दुसऱ्या वर्षी तसंच, थोडं बरं. तिसऱ्या वर्षीही सरांची पट्टी मागेच. पण त्या वर्षी मातीचा निळा तिसऱ्या तुकड्यावरून पाचव्यावर गेला. सरांनी पुठ्ठा माझ्या नाकासमोर धरला. "मातीला कळलंय," म्हणाले. "सोयाबीनला कळायचंय अजून."

भेरूलालजींचा मुलगा मात्र कावला होता. त्याला ती पट्टी मोकळी हवी होती. तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत भेरूलालजी स्वतः फराळाला आले आणि ओशाळून म्हणाले, "माट साब, छोरो नी माने. अगली बार भी कुछ नी निकला तो आपके दोनों कट्टे वापस भेज दूँगा." पुढच्या शेतासाठी म्हणून सरांनी दोन कट्टे, म्हणजे भरलेली दोन पोती, त्यांच्या कोठ्यात ठेवली होती, त्या पोत्यांबद्दलचं हे बोलणं. सर म्हणाले, "भेज दो. चौथा साल तो होने दो." तेही कबूल झालं. सरांचं सगळं आयुष्य त्या एका पट्टीच्या चौथ्या वर्षावर येऊन थांबलं होतं, आणि हे आम्हाला तिघांनाच ठाऊक होतं. सरांना, काकूंना आणि मला.

चौथ्या वर्षी श्रावणात सरांना हार्ट अटॅक आला. वाचले, पण डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट टाकली. मी कॉलेजातून येताना डोकावले की आधी विचारायचे, "काही निरोप?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "असू दे. घाई कुणाला आहे?" दसरा झाला. सोयाबीन कापून खळ्यात आलं असणार, हे मलाही कळत होतं. रविवारी मी जाऊन येते, असं मी दोनदा म्हटलं आणि दोन्ही रविवार दुसऱ्याच कामात घालवले.

मग तो फोन आला. दुपारची वेळ. केबलवर एक मालिका लागायची, तिची मला भारी ओढ होती. लग्नाचा भाग होता त्या दिवशी. फोन उचलला तर खरखर, आणि मधून भेरूलालजींचा आवाज: "बेनजी, माट साब से कहना, खत भेज दिया हे."

मी म्हटलं, "अच्छा."

ते आणखी काहीतरी बोलत होते. हसल्यासारखा आवाज आला, मला वाटलं खोकतायत. मी "हाँ हाँ, बोल दूँगी" म्हटलं आणि फोन ठेवला. लाइन तुटली नव्हती. मी ठेवला. मला घाई होती.

मालिका संपल्यावर सरांकडे गेले. ते उशीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "सर, भेरूलालजींचा फोन होता. त्यांनी खत परत पाठवलंय."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात म्हटलं असेल. निरोप मी फक्त हिंदीतून मराठीत आणला, एवढंच केलं. पण 'परत' हा शब्द भेरूलालजींनी उच्चारला नव्हता. तो माझा.

सरांनी विचारलं, "आणखी काही म्हणाले?"

"नाही."

"बरं," सर म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांचाही इलाज नव्हता. चार वर्षं म्हणजे थोडी नाहीत." मग त्यांनी मला वही द्यायला सांगितली. अक्षर नेहमीचंच, गोल आणि सुटं. 'चौथे वर्ष. भेरूलालजींनी खत परत पाठवले.' खाली तारीख, सही. वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना फाटकाजवळच्या कुंड्या हलवायला सांगितल्या, पोती उतरवायला जागा हवी म्हणून. रोज विचारायचे, "आली का पोती?" पोती आली नाहीत. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. ट्रॉली मिळाली नसेल, असं मीच त्यांना सांगत राहिले. खड्ड्यांना ताक घालणं काकूंनी त्यांना विचारून बंद केलं. एका दुपारी काकूंनी कढी केली. सर दोन घास जेवले आणि म्हणाले, "आता ताक उरतं, नाही का?" काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसांत 'घाई कुणाला आहे' हे मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी सर गेले.

दहावा झाल्यावर पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. वर पत्ता होता 'पत्थर वाले माट साब, माधव नगर, उज्जैन'. चार घरं फिरून आलं होतं. आत वहीचा कागद, भेरूलालजींच्या नातीच्या शाळकरी अक्षरातला:

'माट साब को राम-राम. चार साल पहले आपने हमको खत भेजा, अब हम आपको भेज रहे हैं. दोनों पट्टी का माल अलग निकाला, एक ही पीपे से नापा, ऊपर लकड़ी फेरी. आपकी पट्टी का एक पीपा ज़्यादा निकला. बापू नहीं माने, उन्होंने दुबारा नापा. फिर भी ज़्यादा निकला. दोनों कट्टे अब कोठे वाले खेत में डाल रहे हैं. दादाजी पूछ रहे हैं कि और खत कब भेजोगे. जल्दी नहीं है.'

मी ते काकूंना मराठीत वाचून दाखवलं. या वेळी शब्दाला शब्द. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग परत पाठवलं असं कोण म्हणालं होतं?"

"फोनवर नीट ऐकू आलं नाही, काकू," मी म्हटलं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि देवापाशी नेऊन ठेवलं. मला त्या काही बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीही नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी गावाला गेले. तो रविवार मात्र मी कशात घालवला नाही. भेरूलालजी ओट्यावर बसले होते. सर गेल्याचं सांगितल्यावर ते उठले. मग मला विहिरीकडच्या शेतात घेऊन गेले. पट्टी रिकामी होती, धसकटं उभी होती. तिथे उभं राहून त्यांनी विचारलं, "बेनजी, माट साब ने खत पढ़ लियो थो?"

येताना बसमध्ये मी ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. फोन, मालिका, 'परत'. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "पढ़ लिया था."

"कंई बोल्या?"

"बोले, जल्दी किसको थी."

भेरूलालजी हसले आणि हसता हसता पागोट्याच्या टोकानं डोळे पुसायला लागले. पलीकडे त्यांचा मुलगा बैल सोडत होता, त्याला हाक मारून म्हणाले, "सुण्यो? माट साब ने खत पढ़ लियो थो." मुलगा जवळ आला आणि त्यानं मला हात जोडले. मी त्या धसकटांकडे बघत उभी राहिले. भेरूलालजीही आता नाहीत. त्यांना मी खरं सांगितलं नाही.

काकू मुलीकडे पुण्याला जायला निघाल्या तेव्हा सरांची वही आणि निळ्या तुकड्यांचा पुठ्ठा माझ्याकडे देऊन गेल्या. "तुलाच वाचता येईल," म्हणाल्या. ती वही कपाटात किती वर्षं पडून होती. शेवटचं पान उघडायची माझी हिंमत होत नव्हती. या आठवड्यात उघडलं. पट्टी ठेवली, पेन घेतलं आणि 'परत' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. खालचा शब्द नीट वाचता येतो. आता ती ओळ अशी आहे: 'चौथे वर्ष. भेरूलालजींनी खत पाठवले.' बाजूला तारीख घातली आणि सही केली. सही माझी आहे.